तुमचा सिंहस्थ कोणता?

गंगेवरची

परवा लेकीने मला 'बूमर' म्हटलं. झालं होतं इतकंच, की गॅस सिलिंडरचं बुकिंग केल्यावर मी भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या तारखेला पेनाने खूण करून नंबर लिहून ठेवला. "आई, फोनमध्ये सगळं दिसतं गं, काय बूमरसारखं करतेस?" ती २००६ ची, मी १९७५ ची. राग नाही आला, पण शब्द डोक्यात राहिला. म्हणून रात्री बसून वाचलं.

बूमर म्हणजे १९४६ ते १९६४ या काळात अमेरिकेत जन्मलेले लोक. दुसरं महायुद्ध संपलं, सैनिक घरी आले, लग्नं झाली आणि जन्मांची एकदम लाट आली. ती तिथल्या आकड्यांत स्पष्ट दिसते, म्हणून ते नाव. त्या हिशेबाने मी बूमर नाहीच, त्यानंतरच्या पिढीतली. पण खरी गोष्ट वेगळीच आहे. आपल्याकडे अशी लाट आलीच नव्हती. घरोघरी पाच-सहा मुलं आधीही होत होती आणि नंतरही कितीतरी वर्षं होत राहिली. बदल झाला तो एवढाच, की जन्मलेली मुलं जगायला लागली. माझ्या आजीला आठ झाली, चार राहिली. माझ्या आईला पाच झाली, पाचही राहिलो. आमच्या घरचा पिढीबदल हा आहे, आणि त्याला कुणी नाव दिलेलं नाही.

लेकीला 'जेन-झी' म्हणतात, १९९७ ते २०१२. ही वर्षं प्यू रिसर्च सेंटर नावाच्या संस्थेने तिकडच्या लोकांसाठी ठरवली. त्याच संस्थेने २०२३ साली सांगितलं, की ही नावं आम्ही यापुढे जपून वापरणार. आपण मात्र ती जशीच्या तशी उचलून घरात एकमेकांना लावतोय.

मग मला वाटलं, आपल्या नाशिकला स्वतःचं माप आहेच की. गुरू सिंह राशीत आला की सिंहस्थ, म्हणजे आपला कुंभमेळा. गुरूला सूर्याभोवती फिरायला बारा वर्षांना थोडी कमी लागतात, त्यामुळे अधूनमधून अंतर अकराचं होतं. १९५६, १९६८, १९८०, मग १९९१, २००३, २०१५, आणि आता २०२७. माणूस साधारण बारा ते बावीस या वयात घडतो असं धरलं, तर जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला त्या वयातला एखादा सिंहस्थ येतो.

माझा १९९१ चा. मी अकरावीला होते. मे महिन्यात राजीव गांधींची हत्या झाली. जुलैत तो अर्थसंकल्प आला, ज्याच्यानंतर सगळं बदललं असं आता म्हणतात. तेव्हा आम्हाला त्यातलं काही कळलं नव्हतं. ऑगस्टमध्ये साधू आले. वडिलांचं पंचवटीत पूजासाहित्याचं दुकान. त्यांनी त्या वर्षी निम्मं दुकान रिकामं करून एसटीडी बूथ टाकला. काचेचं केबिन, पिवळा बोर्ड, आणि लाल आकडे पळणारं मीटर. दोन महिने मी कॉलेजातून आले की तिथे बसायचे. मीटर कधी कधी अडकायचं, म्हणून वडिलांनी मला वही दिली होती. नंबर, गाव, सुरू किती वाजता, बंद किती वाजता, सगळं हाताने लिहायचं. रात्री उशिरा दर उतरायचे, तेव्हा रांग रामकुंडाच्या उतारापर्यंत जायची. लोक एवढंच बोलायचे: पोचलो. बरं आहे. गर्दी आहे. एक म्हातारी केबिनमध्ये नुसतीच रडली आणि तिचे सदतीस रुपये झाले. वडिलांनी दहा घेतले.

माझ्या लिहून ठेवण्याच्या सवयीचं मूळ तिथे आहे. लेकीला वाटतं हे वय झाल्याचं लक्षण. मी सोळाव्या वर्षीही अशीच होते.

तर विचारायचंय असं: तुमचा सिंहस्थ कोणता? आणि त्या वयात असं काय घडलं, जे अजून तुमच्या हातात, बोलण्यात, खाण्यात, पैशांच्या व्यवहारात दिसतं? नाशिकबाहेरच्यांनीही लिहा.

प्रेसकॉलनी

छान विषय. माझा १९८०, वय तेरा. पण आमच्या नाशिकरोडला सिंहस्थ लांबून दिसायचा. खचाखच भरलेल्या रेल्वे आणि स्टेशनाबाहेर झोपलेली माणसं, बस. आमचं घड्याळ म्हणजे प्रेसचा भोंगा. सिक्युरिटी प्रेस १९२५ ची, नोटांची प्रेस १९२८ ची. आजोबा प्रेसला, वडील प्रेसला, मी प्रेसला.

वडिलांच्या पिढीचा एक शब्द होता, 'कायम'. माझ्या आत्याच्या लग्नाच्या बोलणीत आजोबांनी एकच प्रश्न विचारल्याचं घरात सांगतात, मुलगा कायम आहे का? घर, शेत, शिक्षण सगळं त्या एका शब्दात यायचं. गेल्या वर्षी माझ्या मुलाच्या बोलणीत समोरच्यांनी पॅकेज विचारलं. तो अंबडला एका कारखान्यात आहे, कंत्राटावर, दर अकरा महिन्यांनी नवा कागद. त्याने आकडा सांगितला, तो माझ्या पगाराच्या जवळपास होता. माझ्या वडिलांनी कोपऱ्यातून विचारलं, "पण कायम कधी करणार?" सगळे गप्प बसले. मुलाला तो प्रश्नच कळला नाही, आणि वडिलांना त्याचं न कळणं कळलं नाही.

नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटबंदी झाली तेव्हा आम्ही सुट्ट्या न घेता, जादा तास थांबून नोटा छापल्या. बाहेर बँकांपुढे रांगा, आत आम्ही. तेव्हा मी पन्नाशीला टेकलो होतो. पण माझ्याबरोबर नुकती लागलेली विशीतली पोरं होती. त्यांना तो महिना जन्मभर पुरेल. मला तो थकवा म्हणून आठवतो, त्यांना नोकरीचा अर्थ म्हणून आठवतो. एकच पाळी, एकच मशीन.

निफाडकर

ताई, लिहिलंय मनापासून, पण सिंहस्थाचं माप पंचवटीचं आहे. आमच्याकडे कुणी सिंहस्थ मोजत नाही. आमच्याकडे भाव मोजतात.

तुमच्या यादीतलं १९८० घ्या. त्याच वर्षी, साधू परत गेल्यावर, नोव्हेंबरात कांद्याचं आणि उसाचं आंदोलन झालं. शरद जोशींच्या हाकेवर शेतकरी रस्त्यावर आणि रुळांवर बसले. आमच्या निफाड तालुक्यात खेरवाडीला गोळीबार झाला, दोन शेतकरी गेले. माझे वडील तेव्हा एकोणीस वर्षांचे, तिथे होते. आज चौसष्टाव्या वर्षीही ते कांदा विकायला लासलगावला गेले की लिलावात गाडीच्या बाजूला उभे राहत नाहीत, बोली लावणाऱ्याच्या समोर जाऊन उभे राहतात. सांगतात, डोळ्यांत बघून भाव करू दे त्याला. आईचं घडणं वेगळं. ती चांदवडकडची. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरलं, हजारो बाया आल्या, त्यात अठरा वर्षांची ती. पुढे लक्ष्मीमुक्तीची, म्हणजे जमीन बायकोच्या नावावर करायची मोहीम निघाली, तेव्हा नवी सून असून तिने सासऱ्यांसमोर विषय काढला. आज आमच्या सातबारावर तिचं नाव आहे.

माझं वर्ष २०१०. मी सोळाचा. द्राक्षाचा हंगाम ऐन भरात आला आणि युरोपातून निरोप आला, मालात क्लोरमेक्वाटचे अंश सापडलेत. वेलीच्या फुटीची वाढ रोखायला आम्ही सीसीसी मारायचो, ते हेच. वर्षानुवर्षं मारत होतो, कुणी हरकत घेतली नव्हती. कंटेनर तिकडे अडकले. आमची बाग अजून उतरवायची होती. मणी कसे, एकसारखे, अठरा एमएमच्या वर, दुधी हिरवे. व्यापाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. वडील संध्याकाळी बागेत गेले आणि एकेक घड हातात घेऊन बघत राहिले, जसं तापलेल्या पोराच्या कपाळाला हात लावून बघतात. शेवटी निम्मा माल बेदाण्याला गेला, बाकी येईल त्या भावाने.

मी आता बाग बघतो. फवारणीची वही रोज लिहितो, तुमच्या एसटीडीच्या वहीसारखी. एक्सपोर्टला माल देतो, पण सगळा कधीच नाही. आणि कर्ज काढून नवीन प्लॉट लावायला मला कुणीही सांगितलं तरी माझा हात सहीला पुढे जात नाही. माझा चुलत भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. तो बिनधास्त काढतो. आम्ही एकाच वाड्यात वाढलो.

वाचनवेडा

या धाग्यावर जे चाललंय त्यावर कार्ल मानहाइम नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९२८ साली मोठा निबंध लिहिलाय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. एकाच साली जन्मणं म्हणजे फक्त एकाच फलाटावर उभं असणं. त्यातून पिढी आपोआप तयार होत नाही. तरुण वयात एखादी मोठी उलथापालथ वाट्याला यावी लागते, आणि तिच्यात ओढलं जावं लागतं. पुढे तो आणखी एक गोष्ट सांगतो, जी मला सगळ्यात मोलाची वाटते. एकाच उलथापालथीला सामोरे गेलेले तरुणही एकसारखे घडत नाहीत. त्यांचे गट पडतात, कधीकधी एकमेकांच्या विरुद्ध. तरीही ते एकाच पिढीचे, कारण प्रश्न एकच असतो, उत्तरं वेगळी.

त्या निबंधानंतर दोनच वर्षांनी आपल्या नाशकात हे घडलं. २ मार्च १९३० ला, दलितांना प्रवेश मिळावा म्हणून, काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेब आंबेडकर, दादासाहेब गायकवाड आणि हजारो माणसं. देवळाची दारं बंद. त्या दिवशी पंचवटीत अठरा वर्षांची दोन मुलं असतील, एक दाराच्या आत, एक बाहेर. दोघांनी तोच दिवस पाहिला. आणि दाराच्या कुठल्या बाजूला आपण जन्मलो यावर सगळं ठरतं असंही नाही. कुसुमाग्रज १९१२ चे. विशीत असताना तेही या सत्याग्रहात सहभागी झाले होते.

निफाडकर, तुमच्या सहीच्या हाताबद्दल. उल्रिके मालमेंडियर आणि स्टीफन नागेल या दोन अर्थतज्ज्ञांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या कुटुंबांवर अभ्यास मांडला. ज्यांनी आयुष्यात शेअर बाजाराचे वाईट दिवस पाहिले होते, ते पुढे शेअरमध्ये कमी पैसे घालत. ताज्या अनुभवाचं वजन जास्त, पण जुना अनुभव कित्येक दशकांनंतरही पुसला जात नाही, असं त्यांना दिसलं. तुम्ही भित्रे नाही आहात. तुम्ही २०१० पाहिलेलं आहे.

सिन्नर_१९५८

मी सहसा नुसता वाचतो. आज लिहितो, नातीने टाईप करून दिलंय.

माझं साल बहात्तर. मी चौदा वर्षांचा. सिन्नरच्या पूर्व भागात त्याआधीही पाऊस कमीच, पण ७२ ला विहिरीचा तळ दिसला. बैल विकले. वडील, आई आणि मी खडी फोडायला जायचो. रोजगार हमीची कामं निघाली होती, कुठे पाझर तलाव, कुठे रस्ता. हातात हातोडी, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. दुपारी सुकडी मिळायची. ती कागदावर घेऊन थोडं पाणी घालून मळायची आणि गोळा करून खायची. रेशनला मिलो यायची, अमेरिकेची तांबडी ज्वारी. आई भाकरी थापायची तर ती कडेने तडकायची. हाताला चिकटत नव्हती, तव्यावर पलटताना दोन तुकडे. आई म्हणायची, हिला आपली माती लागली नाही.

आज माझं पोट भरलेलं आहे, मुलगा सातपूरला, नात इंजिनियरिंगला. पण ताटात कुणी अन्न टाकलं की मी उठून जातो. ओरडत नाही. बसवत नाही.

मला सांगायचं आहे ते धाकट्या भावाचं. तो तेव्हा चार वर्षांचा. त्याला कामावर नेता येत नव्हतं, घरी आजीजवळ ठेवायचो. आम्हाला सुकडी मिळायची, त्याला आम्ही आणू तेवढी. त्याला बहात्तर आठवत नाही. विचारलं तर सांगतो, मी लहान होतो. पण अंगापिंडाने तो कायमचा बारीक राहिला, शाळेतही मागे पडला, आणि कुठलंही काम सुरू केलं की मध्येच सोडायचा. आम्ही त्याला आळशी म्हणायचो. मी स्वतः म्हणालोय, चार माणसांत. मला त्या दुष्काळाने कष्टाळू केलं असं सगळे म्हणतात. मी कमवता होतो, आईच्या हातात आठवड्याचे पैसे देत होतो, त्याचा मला तेव्हा अभिमान वाटायचा. त्याच्या वाट्याला अभिमान नव्हता, नुसती भूक होती.

वाचनवेडा

काका, तुम्ही जे लिहिलंत ते नेमकं तसंच एका मोठ्या अभ्यासात आलंय. ग्लेन एल्डर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९२९ नंतरच्या महामंदीतल्या मुलांचा मागोवा घेतला. कॅलिफोर्नियातले दोन गट. ओकलंडची मुलं १९२०-२१ ची, बर्कलीची १९२८-२९ ची. अंतर जेमतेम आठ वर्षांचं. मोठी मुलं मंदीत शाळकरी-किशोर वयाची होती. घरी हातभार लावत होती, बाहेर छोटी कामं करत होती, आणि पुढे बहुतेक सावरली. धाकटी त्या वाईट वर्षांत अगदी लहान होती. घरातला ताण त्यांनी नुसता सोसला. त्याच्या खुणा त्यांच्यावर, विशेषतः मुलग्यांवर, जास्त राहिल्या.

तुम्ही दोघं भाऊ म्हणजे ओकलंड आणि बर्कली. तुमच्या भावात आळस नव्हता.

आडगाव_नाका

माफ करा, पण मला हे सगळं वयाचं वाटतं, पिढीचं नाही. विशीत सगळे बिनधास्त असतात, साठीत सगळे काटकसरी. माझे आजोबा वडिलांना म्हणायचे तुम्हाला किंमत नाही, वडील मला म्हणायचे, मी मुलाला म्हणतो. जुनं चक्र आहे. त्याला १९९१ आणि २०१० कशाला हवं?

वाचनवेडा

@आडगाव_नाका, शंका रास्त आहे, आणि ती पूर्णपणे कुणालाच सोडवता आलेली नाही. गणित बघा. चालू सालातून जन्मसाल वजा केलं की वय. तीनपैकी दोन ठरले की तिसरं आपोआप ठरतं. म्हणून एखादी गोष्ट वयामुळे आहे, आजच्या काळामुळे आहे की जन्माच्या वेळेमुळे, हे नुसत्या आकड्यांवरून वेगळं काढता येत नाही. 'जेन-झी आळशी' वगैरे मथळे म्हणूनच फसवे असतात. पन्नाशीच्या माणसाची आजच्या विशीतल्या मुलाशी तुलना करून काही कळत नाही. त्याच माणसाची त्याच्या विशीत नोंद हवी.

पण काही धागे पकडता येतात. अमेरिकेत हॉवर्ड शुमन आणि जॅकलिन स्कॉट यांनी लोकांना विचारलं होतं, की गेल्या पन्नासेक वर्षांतली सर्वांत महत्त्वाची घटना कोणती. लोकांनी बहुतांशी आपल्या किशोर वयातली किंवा ऐन विशीतली घटना सांगितली. आठवणींच्या अभ्यासातही हेच दिसतं, साठीच्या माणसाच्या आठवणी दहा ते तीस या वर्षांभोवती जास्त दाट असतात. आणि दोन भावांतला फरक तर वयाने सुटत नाही. सिन्नरचे काका आणि त्यांचे बंधू, दोघांनीही आता पन्नाशी केव्हाच ओलांडली आहे.

येवलेकर

काळारामचा विषय निघाला म्हणून.

माझे आजोबा १९३० ला सतरा वर्षांचे. गावाहून चालत नाशकात आले होते. रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली, त्यात त्यांच्या भुवईवर खोक पडली. ती खूण शेवटपर्यंत होती. १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी येवल्यात घोषणा केली की हिंदू म्हणून जन्मलो पण हिंदू म्हणून मरणार नाही. आजोबा तेव्हा बावीसचे, आमच्याच गावाशेजारी, समोर बसून ऐकलं. मानहाइमच्या मापाने त्यांची सगळी घडण या दोन तारखांच्या मध्ये झाली.

माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. मी १९६८ चा, तुमच्या यादीप्रमाणे माझा सिंहस्थ १९८०. पण मला विचाराल तर माझं साल १९३० आहे. मी ते पाहिलं नाही. मी ती भुवई पाहिली. आजोबांच्या मांडीवर बसून मी त्या खुणेवर बोट फिरवायचो आणि ते दर वेळी तेवढ्याच शांतपणे सगळं सांगायचे. पुढे देऊळ सगळ्यांना उघडं झालं. आजोबा नंतर कित्येकदा पंचवटीत आले, मंडईतून भाजी घेतली, देवळाच्या समोरून गेले. आत कधीच गेले नाहीत. मीही गेलेलो नाही, आणि माझी मुलगी पुण्यात वकिली करते तीही. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हा पिढीला घडवणारं वर्ष त्या पिढीनेच जगलेलं असावं लागतं, हे मला पटत नाही. काही घरांत ते वारशाने मिळतं, जसं इतरांना घर किंवा शेत मिळतं.

वाचनवेडा

हे मी मांडलेल्या कशातच बसत नाही आणि ते खरं आहे. विचार करतोय.

भूगोलाचा_पेपर

मी २००४ ची. नाव वाचून कळलं असेल. २०२० ची दहावी. शेवटचा पेपर भूगोलाचा होता, पुढे ढकलला आणि नंतर रद्दच झाला. बाकीच्या विषयांवरून सरासरी मार्क दिले. मी भूगोलात वर्गात पहिली यायचे. मला तो पेपर द्यायचा होता. ऐकायला छोटी गोष्ट वाटेल, पण मी तीन महिने ते नकाशे भरत होते. ती कोरी नकाशावही अजून आहे माझ्याकडे.

आमचं घर मुंबई-आग्रा रस्त्याच्या जवळ. लॉकडाऊनमध्ये गच्चीवरून खालचा रस्ता दिसायचा, आणि त्या रस्त्याने माणसं चालत होती. मुंबईकडून, उत्तरेकडे. डोक्यावर बॅगा, खांद्यावर मुलं. आमच्या सोसायटीतल्या बायकांनी पोळ्या करायला सुरुवात केली. रोज दोनशे-तीनशे. मी चटणीच्या पुड्या बांधायचे. एका माझ्याच वयाच्या मुलाने पुडी घेताना विचारलं, धुळे किती लांब? मी भूगोलाची हुशार मुलगी, मला किलोमीटर माहीत होते, दीडशेच्या पुढे. मी म्हटलं, जवळच आहे. का म्हटलं माहीत नाही.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये दुसरी लाट. नाशकात एका रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळून माणसं गेली, ते सगळ्यांनी वाचलंय. आमच्या मजल्यावरचे काका त्याच आठवड्यात दुसरीकडे गेले. त्यांना खांदा द्यायला चारजण नव्हते.

आम्हाला लोक 'कोविड बॅच' म्हणतात. परीक्षा न देता पास झालेली मुलं. नोकरीच्या मुलाखतीतही ऐकलंय. जेन-झी म्हटलं तर मला काही वाटत नाही, ते कपड्यांचं आणि गाण्यांचं नाव आहे. कोविड बॅच म्हटलं की वाटतं. आणि माझा भाऊ २००८ चा, त्याची सहावी-सातवी मोबाईलवर झाली. त्याला विचारलं तर म्हणतो, मजा होती. सिन्नरच्या आजोबांचं वाचल्यापासून मी त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघतेय. तो वर्गात हात वर करत नाही म्हणून आम्ही चिडायचो.

पेठ_तालुका

मी २००२ चा. माझं साल २०१८.

आमच्या घराची जमीन वनखात्याच्या हद्दीत. आजोबा कसायचे, वडील कसतात, कागद नाही. वनहक्काचा कायदा २००६ चा. आमचा दावा भरून किती वर्षं झाली ते घरात कुणी मोजत नाही. ६ मार्च २०१८ ला नाशिकच्या सीबीएस चौकातून मोर्चा निघाला, मुंबईला, एकशे ऐंशी किलोमीटर. आमच्या पाड्यातून अकरा माणसं गेली, त्यात माझी आई. वडिलांना ताप होता, म्हणून ती गेली. पायात प्लास्टिकची चप्पल. कसारा घाट उतरेपर्यंत ती तुटली, मग कुणाची तरी जुनी घालून पुढे.

मी तेव्हा आश्रमशाळेत, दहावीच्या परीक्षेला. फोन नव्हता. सरांच्या मोबाईलवर आम्ही मोर्चाचा व्हिडिओ बघितला, नुसत्या लाल टोप्या आणि लाल झेंडे, घाटात वळण घेत. त्यात आई कुठे असेल ते शोधत होतो. ११ तारखेला मोर्चा मुंबईत पोचला, सायनजवळच्या मैदानात थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळी आझाद मैदानावर जायचं होतं. पण सकाळी दहावीचा पेपर होता. दिवसा निघालं तर रस्ते बंद होतील, मुलं अडकतील. म्हणून सहा दिवस चाललेली माणसं रात्रीच परत उठली आणि अंधारात चालत गेली, उजाडायच्या आत.

मी तोच पेपर दिला. सकाळी, शाळेच्या बाकावर. मला दोन दिवसांनी कळलं, आई परत आल्यावर. तिच्या दोन्ही तळपायांची कातडी निघाली होती. आजीने हळद आणि तेल लावलं. मी विचारलं, रात्री का चाललात? म्हणाली, पोरांचा पेपर होता ना.

मुंबईतली ती मुलं आणि मी एकाच वयाचे, एकाच दिवशी एकाच प्रश्नपत्रिकेला बसलेलो. सगळ्यांना नाव एकच, जेन-झी. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना माहीतही नसेल की त्या सकाळी रस्ता मोकळा का होता. मला तक्रार करायची नाही. मला वाटतं, माझ्याकडे जे आहे ते त्यांच्याकडे नाही. मी आता नाशकात कायद्याचं शिकतो. कुठलाही कागद हातात आला की आधी मागच्या पानावर तारीख आणि शिक्का बघतो. ही सवय त्या मार्चमध्ये लागली.

निफाडकर

@पेठ_तालुका, दादा, माझे वडील १९८० ला रुळांवर बसले होते तेव्हा त्यांनीही असंच काही पाहिलं असेल, पण ते कधी बोलले नाहीत. आज तुमचं त्यांना वाचून दाखवतो. त्या मोर्चाच्या वेळी आमच्याकडे उन्हाळ कांद्याची काढणी चालू होती. आम्ही टीव्हीवर पाहिलं आणि म्हणालो, आपण नाही, ते आदिवासी शेतकरी. मला ते आज टोचलं.

सिन्नर_१९५८

भूगोलवाल्या पोरी, तू त्या मुलाला जवळच आहे म्हणालीस ते बरं केलंस. आम्हाला आई रोज सांगायची, पावसाला आता आठच दिवस.

भावाला काल फोन केला. जास्त काही बोललो नाही. ओकलंडचं समजावून सांगता येईना. म्हटलं, तू तेव्हा फार लहान होतास रे. तो थोडा वेळ गप्प होता, मग म्हणाला, उद्या ये जेवायला.

गंगेवरची

मी सिंहस्थाचं माप घेऊन आले होते, ते तुम्ही सगळ्यांनी मोठं करून दिलंत. निफाडकर, तुमचं बरोबर आहे, ते पंचवटीचंच माप होतं. येवलेकरांचं वाचून मला आणखी एक कळलं. मी काळाराम मंदिराच्या आसपास वाढले, त्या पूर्व दरवाज्यासमोर लपंडाव खेळले, आणि १९३० बद्दल मला घरात कुणी एक शब्द सांगितला नव्हता. पुस्तकात वाचलं ते विसाव्या वर्षी. न सांगणंही घडवतंच. माझे आजोबा तेव्हा पंचवटीत होते, तरुण होते. ते दाराच्या कुठल्या बाजूला होते हे विचारायला आता कुणी उरलेलं नाही.

पुराच्या वेळी आपण नाशिककर विचारतो, गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं? कमरेला, छातीला, की डोक्यावरून गेलं? पूर एकच असतो, पण सराफ बाजारातल्या दुकानदाराचा पूर आणि गंगापूर रोडवर खिडकीतून बघणाऱ्याचा पूर एक नाही. सालाबद्दल विचारतानाही मी आता हेच विचारीन. कुठपर्यंत आलं होतं?

लेकीला पूर्ण धागा वाचायला दिला. रात्री दीडपर्यंत वाचत होती. सकाळी तिने १९९१ ची ती वही मागितली. माळ्यावर ट्रंकेत होती, काढून दिली. पानं पिवळी झालीत पण अक्षर माझंच आहे. पाटणा, ७ मि. इंदूर, ३ मि. एका ओळीत गाव लिहिलेलं नाही, फक्त वेळ आहे आणि पुढे '३७, घेतले १०'. तिने विचारलं, हे काय? मी सांगितलं.

@पेठ_तालुका, तुमच्या आईंना आमचा सगळ्यांचा नमस्कार सांगा. जमलं तर त्यांनाही हे वाचून दाखवा.

पेठ_तालुका

दाखवलं ताई. शनिवारी गावी गेलो होतो. चुलीपुढे बसून ऐकलं सगळं, सिन्नरच्या बाबांचं मिलोचं तर दोनदा वाचायला लावलं. माझं लिहिलेलं वाचल्यावर थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या पोरांचा पेपर बरा गेला का मग?"